कोलॅजन, रेशीम, दूध, केराटिन: त्वचेसाठी प्राणिजन्य प्रथिनं निवडायची, तपासायची आणि मिसळायची कशी

कोलॅजनचा अखंड रेणू सुमारे ३०० किलोडाल्टनचा असतो (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप, किलोडाल्टन म्हणजे हजार डाल्टन): तीन साखळ्यांचा पीळ, लांबी ३०० नॅनोमीटर. त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरातून सहज आत शिरणाऱ्या रेणूची मर्यादा साधारण ५०० डाल्टन धरली जाते. म्हणजे हा रेणू त्या मर्यादेच्या सहाशेपट मोठा. क्रीममधलं कोलॅजन आत जाऊन तुमच्या कोलॅजनची जागा घेतं, हा दावा या दोन आकड्यांवरच निकालात निघतो.

मग ते घालायचं कशाला? कारण ते वरच राहून काम करतं, आणि ते काम खोटं नाही. प्रथिनांचे तुकडे पाणी धरून ठेवतात, सुकताना त्वचेवर अगदी पातळ पापुद्रा धरतात, आणि त्यामुळे खरखरीतपणा लगेच कमी वाटतो. साबण आणि फेसवॉशमध्ये तर त्यांचा आणखी एक उपयोग आहे: फेस करणाऱ्या द्रव्यांचा जाच ती कमी करतात. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होत असेल, तर प्रथिन असलेला फेसवॉश हा महागड्या कोलॅजन सीरमपेक्षा जास्त समजूतदार खर्च आहे.

बहुतेक उत्पादनांत अखंड प्रथिन नसतंच. आम्ल, अल्कली किंवा एन्झाइमच्या मदतीने त्याचे तुकडे केलेले असतात. लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड’ लिहिलेलं दिसतं ते हेच. हे तुकडे बऱ्याचदा २ ते ५ किलोडाल्टनचे असतात, म्हणजे तेही ५०० डाल्टनच्या वरच. आणखी तोडत गेलं की शेवटी सुटी अमिनो आम्लं उरतात. ती लहान असतात आणि त्वचेला ओळखीची असतात: त्वचा स्वतःचा ओलावा ज्या नैसर्गिक मिश्रणाने टिकवते, त्याचा सुमारे ४० टक्के भाग सुट्या अमिनो आम्लांचाच असतो. पण ती पापुद्रा धरत नाहीत. मऊपणा हवा की ओलावा हवा, यावर तुकड्याचा आकार ठरतो. ‘जितकं बारीक तितकं चांगलं’ असा सरसकट नियम इथे चालत नाही.

कुणाकडून काय मिळतं

कोलॅजन आणि जिलेटिन गायीगुरांच्या किंवा डुकराच्या कातडीतून आणि हाडांतून काढतात, नाहीतर माशांच्या कातडीतून आणि खवल्यांतून. ‘मरीन’ म्हणजे मासा. थंड पाण्यातल्या माशांचं अखंड कोलॅजन तुलनेने कमी तापमानालाच उलगडतं, कारण त्यात पीळ घट्ट ठेवणारं हायड्रॉक्सिप्रोलिन कमी असतं. पण तुकडे केल्यावर पीळच राहत नाही. त्यामुळे हायड्रोलाइज्ड मालात मासा की गुरं हा प्रश्न परिणामाचा नसून ॲलर्जीचा, वासाचा आणि तुमच्या आचारविचारांचा आहे.

रेशमाच्या कोशात दोन प्रथिनं असतात. आतला धागा फायब्रॉइनचा आणि त्याला चिकटवून ठेवणारा डिंक सेरिसिनचा. कोशाचा साधारण २० ते ३० टक्के भाग सेरिसिन असतो. कापडासाठी रेशीम उकळून जे धुऊन टाकलं जायचं, तेच आता सीरममध्ये येतं. सेरिसिनमध्ये सेरिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि ते पाणी छान धरतं. फायब्रॉइन ओलाव्यापेक्षा स्पर्शासाठी चांगलं, त्वचा गुळगुळीत लागते. त्वचेवर ठेवायच्या उत्पादनासाठी एकच प्राणिजन्य प्रथिन निवडायचं झालं तर रेशमाची अमिनो आम्लं हा आमच्या मते सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय. वास जवळजवळ नाही, आणि चिकटपणाही कमी.

दुधात केसीन सुमारे ८० टक्के आणि बाकी व्हे प्रथिनं. दोन्ही त्वचेला मऊ लागतात, पण दोन्ही अन्नातले ओळखीचे ॲलर्जनही आहेत. त्याबद्दल पुढे सविस्तर.

केराटिन लोकर, पिसं, शिंगं आणि खुरांमधून येतं. ते केस आणि नखांसाठी ठेवा. चेहऱ्याच्या क्रीममध्ये त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

गोगलगायीचा स्राव आणि रॉयल जेली (मधमाश्यांचा स्राव) ही प्रथिनयुक्त मिश्रणं आहेत. घरातल्या धुळीतल्या माइट्सची (सूक्ष्म किड्यांची) ॲलर्जी असलेल्यांना गोगलगाय खाल्ल्यावर तीव्र त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, कारण दोघांतली काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. अशा व्यक्तीने स्रावाचं सीरमही चाचणीशिवाय वापरू नये. दमा असलेल्यांनी रॉयल जेलीच्या वाटेला जाऊ नये.

आणि ज्यांची गल्लत होते ती नावं: लॅनोलिन आणि मेण प्राणिजन्य आहेत, पण प्रथिनं नाहीत. पामिटॉइल ट्रायपेप्टाइडसारखी ‘पेप्टाइड’ प्रथिनांच्या जातीतली आहेत, पण ती प्रयोगशाळेत जोडलेली असतात, प्राण्यातून काढलेली नसतात.

लेबल कसं वाचायचं

घटकांची यादी प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने असते, पण १ टक्क्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. ती रेघ कुठे पडते हे शोधायची एक युक्ती आहे. यादीत ‘फिनॉक्सिइथेनॉल’ शोधा. युरोपीय नियमांत या संरक्षकाची (माल सडू नये म्हणून घालतात त्या द्रव्याची) कमाल मर्यादा १ टक्का आहे. त्यामुळे त्याच्यानंतर आलेलं कोलॅजन बहुधा १ टक्क्याच्या आतच असतं, आणि सुगंधाच्याही मागे असेल तर अगदी नावापुरतं.

‘सोल्युबल कोलॅजन’ किंवा ‘अटेलोकोलॅजन’ म्हणजे मोठा, न तोडलेला रेणू: पापुद्रा चांगला धरतो. ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजन’ म्हणजे तुकडे. ‘कोलॅजन अमिनो ॲसिड्स’ किंवा ‘सिल्क अमिनो ॲसिड्स’ म्हणजे जवळजवळ पूर्ण सुटं केलेलं. दूध ‘लॅक्टिस प्रोटीनम’, ‘केसीन’, ‘व्हे’ अशा नावांनी लपलेलं असतं आणि अंडं ‘ओव्हम’ या नावाने. दुधाची ॲलर्जी असलेल्याने ही नावं पाठच केलेली बरी. नावात ‘हायड्रॉक्सिप्रोपिल’, ‘डायमोनियम’ असले शेपूट जोडलेलं असेल तर ते प्रथिन केसांना चिकटून राहावं म्हणून धनभारित केलेलं असतं. ते कंडिशनरसाठी आहे.

धोका कुठे आहे

पहिला धोका ॲलर्जीचा, आणि तो आकाराशी बांधलेला आहे. तुकडा जितका मोठा, तितकी शरीराच्या संरक्षण यंत्रणेला तो ‘ओळखायची’ संधी जास्त. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण प्राण्याचं नाही, गव्हाचं आहे, पण धडा तोच. जपानमध्ये एका फेशियल साबणात गव्हाच्या प्रथिनाचे मोठ्या आकाराचे तुकडे होते. तो रोज चेहऱ्याला लावणाऱ्या २००० हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. आधी पोळी-पाव खाऊन कधी काही न झालेल्या माणसांना गहू खाल्ल्यावर डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास अडकणं असे त्रास सुरू झाले. २०११ मध्ये साबण बाजारातून परत घ्यावा लागला. पुढे युरोपने सौंदर्यप्रसाधनांतल्या हायड्रोलाइज्ड गव्हाच्या तुकड्यांना सरासरी ३.५ किलोडाल्टनची मर्यादा घातली. प्राणिजन्य प्रथिनांना अशी मर्यादा लावलेली नसली तरी माल घेताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

या प्रकरणातली बारीक गोष्ट बघा: तो साबण होता. फेस करणारी द्रव्यं त्वचेचा अडसर सैल करतात आणि त्याच क्षणी प्रथिन तिथे हजर असतं. डोळे आणि नाक जवळच. ‘धुऊन टाकायचं आहे, मग काय होतंय’ हा युक्तिवाद म्हणूनच अर्धाच खरा.

एक्झिमा असलेली, तडकलेली किंवा नुकतीच दाढी केलेली त्वचा म्हणजे उघडं दार. बकरीचं दूध असलेलं मॉइश्चरायझर तडकलेल्या त्वचेला लावत राहिल्यावर नंतर बकरीच्या दुधाचं चीज खाऊन गंभीर ॲलर्जी झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. एक्झिमा असलेल्या बाळाला ‘सौम्य’ म्हणून दुधाचा साबण किंवा लोशन लावणं म्हणूनच टाळा. कच्चं दूध आणि अंड्याचा पांढरा बलकही नको. हा पांढरा बलक सुकताना आवळतो, त्याला लोक ‘टाइटनिंग’ समजतात. तो नुसता सुकलेला अल्ब्युमिन असतो. धुतला की संपलं, आणि साल्मोनेला या जिवाणूची जोखीम वेगळी.

तेच प्रथिन सुईने आत गेलं तर काय होतं, हे समजायला सुरकुत्या भरायच्या जुन्या इंजेक्शनचं, म्हणजे फिलरचं, उदाहरण पुरे. गायीच्या कोलॅजनचं पहिलं इंजेक्शन अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झालं. ते देण्याआधी हातावर चाचणी करून चार आठवडे थांबावं लागे, कारण सुमारे ३ टक्के लोकांत त्या चाचणीतच प्रतिक्रिया दिसे. तेव्हा घरगुती डर्मारोलर किंवा मायक्रोनीडलिंगनंतर लगेच कोलॅजन, दूध किंवा गोगलगायीचं सीरम लावू नका. सुया टोचून आपण नेमका तोच अडसर मोडलेला असतो ज्याच्या भरवशावर हे घटक सुरक्षित मानले जातात. किमान २४ तास मध्ये जाऊ द्या, त्वचा लाल असेल तर त्याहून जास्त.

दुसरी भीती ‘मॅड काउ’ची, म्हणजे गुरांच्या मेंदूच्या रोगाची. ती निराधार नव्हती. म्हणूनच युरोपात आणि २००४ पासून अमेरिकेतही गुरांचा मेंदू, मज्जारज्जू अशा जोखमीच्या ऊतींपासून बनलेला माल सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी आहे. कातडीपासूनचं कोलॅजन या यादीत येत नाही. कच्चा माल विकत घेत असाल तर स्रोताचा प्राणी, ऊती आणि मूळ देश लिहिलेलं प्रमाणपत्र मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा पुरवठादार बघा.

तिसरा धोका कुणी बोलत नाही, पण घरगुती सीरम बनवणाऱ्यांना सगळ्यात जास्त तोच भोवतो: सडणं. प्रथिन म्हणजे जिवाणूंचं जेवण.

लावण्याआधीची चाचणी

नेहमीची ‘कानामागे लावा, २४ तास बघा’ ही चाचणी प्रथिनांसाठी अपुरी आहे. प्रथिनांची ॲलर्जी बऱ्याचदा अर्ध्या तासात दिसते आणि तितक्याच लवकर मावळतेही. उलट संरक्षक किंवा सुगंधाची ॲलर्जी दोन ते चार दिवसांनी उगवते. म्हणून चाचणी दोन टप्प्यांत करा.

कोपराच्या आतल्या बाजूला, धडधाकट त्वचेवर, नाण्याएवढ्या जागेत पातळ थर लावा. झाकू नका. ५, १५ आणि ३० मिनिटांनी बघा. डास चावल्यासारखी फुगलेली गांधी, कडेने लाली आणि खाज आली तर ती तात्काळ प्रतिक्रिया. लगेच धुवा आणि ते उत्पादन बाजूला ठेवा. अर्धा तास निभावला तर त्याच जागी दिवसातून दोनदा, सलग ७ दिवस लावा. मध्येच पुरळ, सोलवटणं किंवा बारीक फोड आले तर थांबा. साबण-फेसवॉश तपासताना तो नेहमी ठेवता तेवढाच वेळ ठेवून धुवा, रात्रभर ठेवू नका. तसं केलं तर कुठलाही साबण जळजळेल.

ॲलर्जीची ॲन्टिहिस्टामिन गोळी चालू असेल तर तात्काळ प्रतिक्रिया दबते आणि निकाल फसवा येतो. त्या जागी आधी स्टेरॉइड क्रीम लावलं असेल तरी तेच. आणि ज्यांना दूध, मासे, अंडी किंवा जिलेटिनमुळे कधी श्वास अडकला, घसा सुजला किंवा चक्कर आली असेल, त्यांनी त्या प्रथिनाची घरी चाचणी करूच नये. गोचीड चावल्यानंतर लाल मांसाची ॲलर्जी जडलेल्यांना जिलेटिनही त्रास देऊ शकतं, त्यांनीही.

१०० ग्रॅमचं साधं कोलॅजन सीरम

वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. चमच्याने मोजलेला संरक्षक म्हणजे अंदाजपंचे कारभार.

- डिस्टिल्ड वॉटर ९२ ग्रॅम
- ग्लिसरीन ४ ग्रॅम
- हायड्रोलाइज्ड कोलॅजन पावडर, कॉस्मेटिक ग्रेड, १ ग्रॅम
- पँथेनॉल १ ग्रॅम
- फिनॉक्सिइथेनॉल आणि इथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण १ ग्रॅम
- हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज (जेल घट्ट करणारं) ०.८ ग्रॅम
- डायसोडियम ईडीटीए ०.१ ग्रॅम
- सायट्रिक आम्लाचं १० टक्के द्रावण, लागेल तसं. साधारण काही थेंब

कोलॅजन पावडर नसून द्रव असेल तर हिशेब बदलतो. द्रव माल बहुतेकदा २० ते ३० टक्क्यांचाच असतो. २५ टक्क्यांच्या द्रवातून १ ग्रॅम प्रथिन मिळवायला ४ ग्रॅम द्रव लागेल, मग पाणी ३ ग्रॅमनी कमी करा. प्यायची फ्लेवरवाली कोलॅजन पावडर वापरू नका. तिच्यात साखर, आम्ल, रंग काहीही असू शकतं.

भांडी, काडी आणि बाटली ७० टक्के अल्कोहोलने पुसून सुकू द्या. ईडीटीए पाण्यात विरघळवा. हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज थोड्याशा ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडा, नाहीतर वरून ओलं आणि आतून कोरडं राहिलेले, माशाच्या डोळ्यांसारखे गोळे होतात आणि ते तासभर ढवळूनही फुटत नाहीत. पाणी ५०–६० अंशांपर्यंत कोमट केलं की जेल पंधरा-वीस मिनिटांत फुलतं. ४० अंशांखाली आल्यावर कोलॅजन पृष्ठभागावर भुरभुरा, दोन मिनिटं हात लावू नका, मग हळू ढवळा. जोरात फेटलं तर फेस होतो आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत बसत नाही. पँथेनॉल घाला. संरक्षक उरलेल्या ग्लिसरीनमध्ये मिसळून शेवटी घाला. सामू (पीएच) पट्टीने मोजा. ५ ते ५.५ हवा. आम्ल एकेक थेंब घालून पुन्हा मोजा.

घट्टपणासाठी इथे झॅन्थन गम का नाही, असं विचारलं जातं. काही कोलॅजन आम्ल प्रक्रियेने केलेलं असतं आणि सामू ५.५ ला त्यावर धन भार असतो. झॅन्थन आणि घट्ट करणारं दुसरं द्रव्य कार्बोमर ऋण भाराचे. दोघं भेटले की सीरममध्ये दोरे किंवा ढग दिसतात. हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोजला भारच नाही, म्हणून भांडण नाही.

पंपाच्या बाटलीत भरा, बरणीत नको. बरणीत दर वेळी बोट जातं. फ्रीजमध्ये ठेवून तीन महिन्यांत संपवा. एक छोटी बाटली बाहेर सामान्य तापमानाला वेगळी ठेवा आणि दर आठवड्याला तिचा सामू आणि वास तपासा. तीच तुमची धोक्याची घंटा: सामू ०.५ ने सरकला, उकडलेल्या हाडांसारखा किंवा अमोनियाचा वास आला, गढूळ झालं किंवा ठिपके दिसले, तर अख्खी बॅच फेका. उकळून किंवा जास्त संरक्षक घालून ती वाचत नाही.

बिघाड आणि त्यामागची कारणं

दुधाचं प्रथिन घातलं आणि सीरम फाटलं: केसीनला सामू ४.६ च्या आसपास पाण्यात राहता येत नाही, म्हणूनच दूध नासतं. सोडियम बेन्झोएट हा संरक्षक मात्र सामू ५ च्या खालीच नीट काम करतो. म्हणजे अख्खं केसीन आणि बेन्झोएट यांची जोडी जमतच नाही. हायड्रोलाइज्ड दूध प्रथिन घ्या किंवा संरक्षक बदला. चेहऱ्यावर व्हिटॅमिन सी किंवा लॅक्टिक आम्लाच्या थरावर दूधवालं लोशन लावल्यावर सुटणारे बारीक कणही कधी कधी याच कारणाचे असतात. मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या.

ग्रीन टी किंवा विच हेझलचा अर्क घातल्यावर तपकिरी साका बसला: टॅनिन प्रथिनांना बांधून खाली ओढतं. कातडं कमावताना हेच करतात. दोन्ही एकाच बाटलीत नकोत. थेंबभर अर्क आणि थोडं कोलॅजनचं पाणी वाटीत एकत्र करून आधीच बघता येतं.

दोन महिन्यांत पिवळं, मग तपकिरी: मध, फ्रुक्टोज किंवा डायहायड्रॉक्सिॲसिटोनसारख्या साखरांची अमिनो आम्लांशी प्रक्रिया होते. भाजलेल्या पावाचा रंग याच प्रक्रियेने येतो. डीएमडीएम हायडँटोइनसारखे फॉर्मल्डिहाइड सोडणारे संरक्षकही प्रथिनांत गुंततात, आणि मग जिवाणू मारायला काही उरत नाही.

लावल्यावर चिकट वाटतं किंवा वरून मॉइश्चरायझर लावताना शेवया सुटतात: प्रथिन जास्त झालंय. ३ टक्क्यांच्या वर गेल्याने फायदा वाढत नाही, पापुद्रा मात्र जाड होतो. कोरड्या हवेत तोच पापुद्रा ओढतो आणि लोकांना वाटतं सीरमने त्वचा कोरडी केली. ओल्या चेहऱ्यावर दोन-तीन थेंब लावा आणि सुकायच्या आत, साधारण मिनिटाभरात, वरून तेल किंवा पेट्रोलेटम (पेट्रोलियम जेली) असलेलं क्रीम लावा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि दाढीचे ताजे काप सोडून द्या.